पेठांच्या पोटातून

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार. बुधवार पेठेत समाधान चौकाजवळच्या सिटी पोस्टाच्या आवारात ड्रेनेजच्या कामासाठी आलेला महापालिकेचा ट्रक उभा होता. त्याच्याखालचे पेव्हर ब्लॉक खचले आणि काही सेकंदांत अख्खा ट्रक जमिनीत गेला. चालक सुदैवाने वाचला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पुण्यातल्या जवळपास प्रत्येक फोनवर पोहोचला होता आणि त्याखाली एकच प्रश्न होता, ‘मेट्रोमुळे झालं का?’

त्या जागी जुनी विहीर होती आणि ती कधीतरी वरून झाकून टाकलेली होती, असं नंतर समोर आलं. वर फरशी आली, मग पेव्हर ब्लॉक आले आणि खाली विहीर आहे हे गाव विसरून गेलं. नऊच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचं उद्घाटन झालं. साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त असा हा टप्पा मुठा नदीखालून आणि जुन्या पेठांच्या पोटातून जातो. त्याचे बोगदे खणताना वरची जमीन किती मिलिमीटर हलली, हे जागोजागी यंत्रं बसवून मोजलं गेलं.

एकाच पेठेच्या खाली एक विहीर होती, जिची कुणाकडे नोंद नव्हती, आणि एक बोगदा होता, ज्याच्या मिलिमीटरची नोंद होती. लोकांना भीती मात्र बोगद्याची वाटली. या भीतीला हसण्यात अर्थ नाही. आपल्या पायाखाली काय चाललं आहे हे कळलं नाही, की माणूस घाबरणारच. भुयारी रेल्वे बांधण्याचं शास्त्र आज बरंच पुढे गेलं आहे. ज्यांच्या घराखालून ती जाते त्यांच्या झोपेचं आणि तब्येतीचं शास्त्र आपण तितकं मनावर घेत नाही. पुण्याच्या या पाच-सहा वर्षांच्या कामाकडे या दोन्ही बाजूंनी पाहायला हवं, कारण पुढचं खोदकाम आता दारात येऊन उभं आहे.

खाली आधीच काय होतं?

पुण्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा बेसॉल्ट. दुरून तो एकसंध वाटतो, पण भोक पाडून नमुने काढले की वेगळंच चित्र दिसतं. कुठे टणक, अखंड खडक लागतो, तर कुठे बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला, तुलनेने मऊ थर. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीसारखा पट्टा असतो. सगळ्यांत वर मुरूम आणि नदीकाठाला गाळाची माती. पाणी साठतं ते याच मुरमात आणि खडकाच्या भेगांत. वाड्यांचे आड वर्षानुवर्षं भरलेले असायचे ते त्यामुळेच.

त्यावर माणसाने केलेले बदल आहेत. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नळ जमिनीखालून बांधला गेला. काही ठिकाणी तो माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा आहे. त्याला हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले होते. हे पाणी शहरातल्या हौदांना मिळायचं. आंबिल ओढा एकेकाळी गावातून वाहायचा, त्याला त्याच काळात वळवलं गेलं. ओढा वळतो, पण त्याच्या जुन्या पात्रातली भुसभुशीत माती तिथेच राहते. वर रस्ते होतात, घरं होतात, आणि खाली जमिनीचा स्वभाव दहा पावलांवर बदलतो.

म्हणून भुयारी कामाची सुरुवात कुदळीच्या किंवा यंत्राच्या घावाने होत नाही, ती चौकशीने होते. ठरावीक अंतरावर भोकं पाडून खडकाचे नमुने घेतात, जुने नकाशे काढतात, मार्गावरच्या प्रत्येक इमारतीचा पाया किती खोल आहे ते पाहतात, विहिरींची यादी करतात. बोगदा खणणाऱ्याला सगळ्यांत जास्त धास्ती असते ती नकाशावर नसलेल्या गोष्टीची.

मुळा, मुठा आणि पवना

पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गाचा भुयारी भाग सुमारे ६ किलोमीटरचा आहे. जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन बोगदे, म्हणजे खोदाई जवळपास १२ किलोमीटरची. तिच्यासाठी तीन टनेल बोरिंग मशिन आणली गेली आणि त्यांना मुळा, मुठा, पवना अशी नावं दिली गेली. २०१९ च्या अखेरीस कृषी महाविद्यालयाच्या मैदानाच्या बाजूने खोदाई सुरू झाली. मध्ये करोनाची टाळेबंदी आली, परगावचे मजूर घरी गेले आणि काम मंदावलं. जून २०२२ मध्ये शेवटचं मशिन बुधवार पेठेत बाहेर आलं.

हे मशिन म्हणजे जमिनीखाली सरकणारा एक लांबच लांब कारखाना. तोंडाशी साधारण साडेसहा मीटर व्यासाची गोल पोलादी चकती, म्हणजे दोन मजली घराएवढी. तिच्यावर कठीण पोलादाच्या छोट्या तबकड्या बसवलेल्या असतात. त्या खडक कापत नाहीत, प्रचंड दाबाने त्यावर फिरतात. शेजारशेजारच्या दोन चरांमधल्या भेगा एकमेकींना मिळाल्या की खडकाचा कपचा उडतो. असे लाखो कपचे पट्ट्यावरून किंवा नळातून मागे जातात. मागच्या भागात काँक्रीटचे कमानदार तुकडे जोडून गोल कडं तयार केलं जातं. मशिन त्याच कड्याला रेटा देऊन पुढे सरकतं आणि पुढचं कडं जोडतं. यंत्र बाहेर पडतं तेव्हा मागे अस्तरासह तयार बोगदा उभा असतो.

जोखीम दोन जागी असते. पहिली समोर. मऊ किंवा पाण्याने भरलेल्या जमिनीत चकतीपुढची माती आत ढासळू नये म्हणून तोंडाशी बंद कप्पा ठेवून त्यात दाब राखावा लागतो. भूजलाच्या पातळीखाली २० मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर पाण्याचाच सुमारे २० टन दाब असतो. आतला दाब कमी पडला तर माती आणि पाणी आत येतं, जास्त झाला तर जमीन वर फुगते. दुसरी जोखीम कड्याभोवती. चकतीने कापलेलं भोक काँक्रीटच्या कड्यापेक्षा थोडं मोठं असतं. उरलेल्या फटीत लगेच सिमेंटचं मिश्रण दाबून भरावं लागतं. उशीर झाला, की वरची जमीन ती फट स्वतः भरून काढते.

साध्या गणिताने बघू. मऊ मातीत एवढ्या बोगद्यासाठी गरजेपेक्षा फक्त एक टक्का माती जास्त निघाली, तर २० मीटर वर रस्ता मधोमध एक-सव्वा सेंटिमीटर खाली बसू शकतो. टणक बेसॉल्टमध्ये हे प्रमाण खूप कमी असतं. पुण्याच्या पेठांना काळ्या पाषाणाने दिलेली ही मोठी सवलत म्हणावी लागेल. पण खडक टणक असला म्हणजे वरची पन्नास-शंभर वर्षांची मातीची भिंत टणक असते असं नाही.

फुलपात्रातलं पाणी

माझी आत्या कसबा पेठेत राहते. फडके हौदापासून हाकेच्या अंतरावर तिचा वाडा आहे. सागवानी खांब, वर तुळया, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. मशिन खालून जाणार हे कळल्यावर तिने स्वतःची प्रयोगशाळा उघडली. फडताळात एक फुलपात्र काठोकाठ भरून ठेवायचं आणि रात्री टॉर्च मारून बघायचं, की पाण्यावर तरंग उठतात का. माजघराच्या भिंतीवर एक जुनी भेग होती. तिच्या दोन्ही टोकांना आत्याने पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी तारीख लिहिली.

तरंग उठले. मधेच एखाद्या रात्री खालून जात्यासारखी घरघरही यायची. आत्याची झोप गेली. ‘अरे, पाणी हलतंय म्हणजे भिंत हलतेय ना?’ असं ती मला फोनवर विचारायची.

प्रश्न अचूक होता. उत्तर मात्र दोन वेगळ्या मोजपट्ट्यांचं आहे. जमिनीचं कंपन मोजताना तिचा कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलतो ते पाहतात. शांत घरात बसलेल्या माणसाला हा वेग ०.३ च्या आसपास गेला तरी जाणवतो. १ च्या घरात गेला की लोक तक्रार करू लागतात. भिंतींचा हिशेब निराळा आहे. सुरुंगांच्या कंपनांसाठी भारतातल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने ठरवलेल्या मर्यादा पाहा. साध्या विटा-सिमेंटच्या घरांना, कंपनं किती जलद आहेत त्यानुसार, सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना २ ते १०. म्हणजे नाजूक वाड्यालाही धोका सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्या अंगाला कंपन कळतं. खोल खडकात चालणाऱ्या बोगदायंत्राचं वर पोहोचणारं कंपन बहुतेक वेळा सेकंदाला एखाद्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. घराचं दार जोरात आपटलं तर शेजारच्या भिंतीला त्याहून मोठा हादरा बसू शकतो. पण दार आपण आपटतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही.

हाच मुद्दा १९७२ साली डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून मांडला होता. लोकांना अवचित, मोठा आवाज ऐकवत त्यांच्याकडून कामं करून घेतली. काहींना एक बटण दिलं, दाबलं तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतरच्या कामांत बटण असलेल्यांची कामगिरी बटण नसलेल्यांपेक्षा सरस ठरली. आवाज दोघांनी सारखाच सोसला होता. फरक पडला तो ‘हे माझ्या हातात आहे’ या जाणिवेमुळे. बांधकामाशेजारी राहणाऱ्याला मशिन बंद करण्याचं बटण देता येत नाही. पण उद्या काय होणार, किती वाजता होणार, किती काळ चालणार आणि किती झालं तर थांबवणार, एवढं सांगता येतं. त्याने अर्धा ताण उतरतो.

आत्याचा ताण असाच उतरला. भिंतीवरची मापं घ्यायला एक तरुण यायचा. एके दिवशी तिने त्याला बसवून चहा दिला आणि ‘बाळा, मला समजेल असं सांग’ म्हणाली. त्याने कालनिर्णयच्या मागच्या बाजूला एक आडवी रेघ मारली. तिच्यावर एका ठिकाणी खूण केली, ‘आजी, इथे तुम्हाला कळतं’. बरंच पुढे दुसरी खूण केली, ‘इथे भिंतीला कळतं. त्याच्या खूप आधी आम्ही काम थांबवतो’. आत्याने तो कागद जपून ठेवला आहे. फुलपात्र त्या रात्री रिकामं झालं. पेन्सिलीच्या रेघा मात्र तिने चालू ठेवल्या. ते बरोबरच होतं, कारण कंपन हा एकच धोका नसतो. जमीन हळूहळू बसणं हा दुसरा, आणि तो अंगाला कळत नाही, भेगेलाच कळतो.

अभियंतेही आत्यासारखंच करतात, फक्त साधनं बारीक असतात. भेगेवर बसवलेली मापपट्टी मिलिमीटरचे अंश दाखवते. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवत, काच तडकली की भेग वाढली. इमारत कलते का हे सांगणारे कोनमापक, रस्त्यात ठोकलेले खिळे, खोल भोकांत सोडलेली भूजलाची मापकं अशी सगळी यंत्रणा असते. भेगांची एक रूढ प्रतवारीही आहे. १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात झाकली जाते. ५ पर्यंतची बुजवता येते, दारं-खिडक्या थोड्या अडकू शकतात. ५ ते १५ च्या दरम्यान गवंड्याला बोलवावंच लागतं. मात्र ही प्रतवारी विटांच्या घरांवरून ठरलेली आहे. लाकडी सांगाड्याचा वाडा थोडा वाकून घेतो, पण त्याच्या कुजलेल्या खांबाचा पाय किंवा पावसाने भिजलेली मातीची भिंत तेवढंही सहन करेलच असं नाही. म्हणून प्रत्येक घराची कामाआधीची तपासणी महत्त्वाची. ‘ही भेग आधीची की नंतरची?’ हा वाद मिटवणारी दुसरी गोष्ट नाही.

धूळ, आवाज आणि आतली माणसं

बोगदा खोल असतो, म्हणून त्याची धूळ वर येत नाही. वरच्या माणसाला छळतं ते स्थानकाचं काम. न्यायालयाजवळच्या चौकातून मी कित्येक वर्षं पत्र्यांच्या कडेने जात होतो. आत जमीन मजल्यामागून मजला खाली जात होती. असा खड्डा उघडा असतो, त्यात खडक फोडावा लागतो, राडारोड्याचे ट्रक रात्रंदिवस बाहेर पडतात, चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येतो आणि वाळला की धूळ होतो.

हवेतल्या १० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, अडीच मायक्रॉनखालच्या कणांची ६०. दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या रुग्णाला मर्यादेच्या आतही त्रास होऊ शकतो. उपाय साधे आहेत. ट्रकवर ताडपत्री, फाटकाशी चाकं धुणं, खणण्याच्या जागी पाण्याचा फवारा. ते रोज होतात की पाहुणे यायच्या दिवशीच, यावर सगळं ठरतं.

आवाजाचंही तसंच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४०. पेठेतली दुपार ही मर्यादा मेट्रोविनाही सहज ओलांडते. पण रात्रीच्या आवाजाचा शरीरावरचा परिणाम वेगळा. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी झोप उथळ होते, नाडी क्षणभर वाढते, रक्तदाबही. एक-दोन रात्रींचं काही वाटत नाही, महिनोन्‌महिने चाललं तर वाटतं. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाची कामं दिवसा आणि रात्री शांत कामं, ही वाटणी सोयीची नाही, आरोग्याची आहे.

आणि आत उतरणारे लोक? झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ओडिशातून आलेले मजूर आठ-आठ, बारा-बारा तास खाली असतात. बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ जवळपास नसतं, त्यामुळे वाळूच्या दगडात किंवा ग्रॅनाइटमध्ये काम करणाऱ्यांच्या तुलनेत इथे सिलिकोसिसचा धोका कमी. पण काँक्रीट फोडताना, कापताना उडणाऱ्या धुळीत वाळूचं क्वार्ट्झ असतंच. सिलिकोसिस बरा होत नाही, थांबवता येतो तो फक्त आधी. बोगद्यात वरून मोठ्या नळाने ताजी हवा सोडली जाते, ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजले जातात. कानाला बोळे, नाकाला योग्य मास्क, वर्षातून एकदा श्रवण आणि फुप्फुसांची तपासणी, हे कागदावर सगळीकडे असतं. अडचण अशी, की मजूर एका शहरातलं काम संपलं की दुसऱ्या शहरात जातो आणि त्याची तपासणीची कागदपत्रं त्याच्याबरोबर जात नाहीत. भिंतीच्या भेगेची नोंद वर्षानुवर्षं राहते. तिच्याखाली राबणाऱ्याच्या छातीची नोंद मात्र एका कामापुरतीच उरते.

नदीखाली, ३३ मीटरवर

जिल्हा न्यायालयाचं स्थानक जमिनीखाली ३३.१ मीटर आहे. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी ते एक. दहा-अकरा मजली इमारत उलटी जमिनीत घातल्यासारखी. इतकं खोल जाण्याचं कारण सरळ आहे. तिथून पुढे मार्गाला मुठेच्या पात्राखालून जायचं होतं आणि नदीच्या तळाखाली भक्कम खडक डोक्यावर हवा होता. नदीतलं पाणी, जमिनीखालचं पाणी आणि बोगदा यांच्यामध्ये उभा असतो तो तेवढाच खडक आणि काँक्रीटचं कडं. कड्याच्या तुकड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या असतात. दाब वाढला की त्या आणखी घट्ट बसतात.

स्थानकाला आणखी एक वेगळी अडचण असते. ते तरंगू पाहतं. आर्किमिडीजचा नियम इथेही लागू आहे. भूजलात बुडालेली पोकळ पेटी बाजूला सारलेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागे एक टन बळाने वर ढकलली जाते. म्हणून असं स्थानक मुद्दाम वजनदार ठेवतात किंवा तळाशी खडकात अँकर रोवतात. जाड काँक्रीट फक्त छत पेलण्यासाठी नसतं, जमिनीत बसून राहण्यासाठीही असतं.

खोलीचा दुसरा प्रश्न सुटकेचा. खाली धूर झाला तर माणसांनी वर कसं यायचं? जगभर वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा मानकानुसार भरलेला फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हायला हवा आणि सगळे ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचायला हवेत. जिन्यांची रुंदी, संख्या याच गणितातून येते. बोगद्यातले मोठे पंखे दोन्ही दिशांना फिरू शकतात. धूर एका बाजूला ढकलायचा आणि लोकांना दुसऱ्या बाजूने, ताज्या हवेकडे काढायचं. दोन बोगद्यांमध्ये ठरावीक अंतरावर आडवे रस्ते ठेवतात, म्हणजे एकात अडचण आली तर दुसऱ्यात जाता येतं. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांनी हे सहा मिनिटांचं गणित एकदा मनात आणावं.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पुण्याला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या वस्तीत शिरलं, तेही अजून ताजं आहे. भुयारी स्थानकात पाणी छतातून येण्याची शक्यता कमी, ते जिन्याने येतं. म्हणून प्रवेशद्वारं रस्त्यापेक्षा काही पायऱ्या उंच असतात आणि आत शिरायला आधी वर चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना त्या पायऱ्या चुकीच्या वाटतात, पण त्यामागे पुराचं गणित आहे. त्या गणिताची कच्ची बाजू २६ मे २०२५ ला मुंबईत दिसली. मुसळधार पावसात मेट्रो-३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात काम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी घुसलं आणि ते स्थानक काही काळ बंद ठेवावं लागलं. भुयारी मार्ग सर्वांत असुरक्षित असतो तो अर्धवट असताना. गाडी धावू लागली म्हणजे बांधकाम संपलं असं नसतं.

पुढचं खोदकाम

मार्ग सुरू झाल्यावर काही दिवसांनी मी आत्याला घेऊन कसबा पेठ स्थानकात गेलो. लिफ्टने खाली उतरलो. फलाटावर गाडीच्या आधी वारा आला. बोगद्यात गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते, तो तो वारा. आत्या जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊन परत आली. पूर्ण वेळ ती खिडकीतून काळोखाकडे बघत होती. ‘आपलं घर कधी गेलं रे वरून?’ तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. घरी आल्यावर तिने माजघरातली भेग पाहिली. पेन्सिलीच्या रेघा भेगेच्या टोकांशीच होत्या.

सगळ्यांच्याच भिंतींचं असं झालं असेल असं नाही, आणि एका वाड्यावरून शहराचा निष्कर्ष काढू नये. पण आत्याकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःच्या घराची तारीखवार नोंद. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग सातारा रस्त्याच्या परिसरात, दाट वस्तीखालून आणि त्याच कात्रजच्या नळाच्या मुलखातून जाणार आहे. म्हणजे फुलपात्रं भरायची पाळी आता इतर घरांची.

त्या घरांसाठी काही गोष्टी. काम जवळ येण्याआधी घराच्या प्रत्येक भिंतीचे, भेगेशेजारी पट्टी धरून, तारखेसह फोटो काढून ठेवा. आपल्या इमारतीची तपासणी झाली असेल तर तिची प्रत मागा. झाली नसेल तर ती करून घेण्याचा लेखी अर्ज सोसायटीमार्फत द्या. आवारात बुजवलेली विहीर, आड, जुना हौद किंवा ओढ्याची खूण कुणा जुन्या माणसाला माहीत असेल तर ती लेखी कळवा. ही माहिती कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाची असू शकते. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर रस्त्याकडची खोली त्यांच्यासाठी ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा, झाडू कमी मारा आणि श्वास लागणं वाढलं तर ‘धूळच आहे’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. नवी भेग दिसली, जुनी वाढली, दार अचानक अडकू लागलं किंवा विहिरीचं पाणी एकाएकी उतरलं, तर त्याच दिवशी कळवा.

बांधणाऱ्यांसाठी एकच. मोजता आहातच, तर आकडे सांगा. चौकातल्या पत्र्यावर मान्यवरांच्या फोटोंना जागा असते, तिथेच एक फळा लावा. या आठवड्यात यंत्र कुठे आहे, कंपन किती झालं, मर्यादा किती, रात्री कोणतं काम आहे, तक्रार कुठे करायची. एका तरुणाने कालनिर्णयच्या पाठीवर मारलेल्या एका रेघेने एका म्हातारीला झोप लागली. तशी रेघ प्रत्येक चौकात मारायला फारसा खर्च येत नाही.